मराठीच्या आधाराने जपानी: स्वतः शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी

जपानी स्वतःच्या बळावर शिकायला बसलेला मराठी माणूस पहिली चूक बहुधा पुस्तक उघडण्याआधीच करतो. सगळे काही इंग्रजीच्या मार्फत शिकायचे, असे त्याने मनाशी गृहीत धरलेले असते. साधने इंग्रजीत मुबलक असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. मात्र त्या पुस्तकांची बरीच पाने क्रियापद शेवटी का येते आणि नामाला मागून चिकटणारे छोटे शब्द कशासाठी असतात, हे इंग्रजी वाचकाच्या गळी उतरवण्यात खर्ची पडलेली असतात, आणि या दोन्ही गोष्टी आपण बोलायला लागल्यापासून करत आलो आहोत. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेने आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांसाठी जपानी सर्वांत अवघड गटात ठेवली असून तिच्यासाठी सुमारे २२०० तासांचे वर्गशिक्षण धरले आहे. हा आकडा वाचून दबून जाण्याचे कारण नाही, कारण तो आपल्यासाठी काढलेलाच नाही. मराठी आणि जपानी यांचे कूळ एक नाही. तरीही वाक्याची ठेवण, वर्णांचा क्रम आणि काही उच्चार यांत जे साम्य आहे, ते नवशिक्याचे बरेच श्रम वाचवते. जेथे साम्य नाही, तेथे मात्र मराठीची सवय पाय ओढते. खालचा क्रम या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून लावला आहे.

पहिली पायरी: काना

जपानी लेखनात तीन लिप्या एकाच वाक्यात शेजारीशेजारी नांदतात. हिरागाना ही प्रत्यय, अव्यये आणि अनेक देशी शब्दांसाठी, काताकाना मुख्यतः परकीय शब्दांसाठी, आणि चिनी लिपीतून आलेली कांजी ही चिन्हे नामे व धातूंच्या मूळ रूपांसाठी वापरली जातात. पहिल्या दोन्ही लिप्यांना मिळून काना म्हणतात आणि प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे आहेत. रोज पाच अक्षरे हाताने गिरवली, तर हिरागाना दहा दिवसांत नजरेखालून जाते आणि आणखी आठवड्याभराच्या वाचनाने ती पक्की होते. काताकानाला तितकाच वेळ द्यावा. ती 'नंतर बघू' म्हणून सोडून देणारे बरेच जण पुढे वर्षभर तिच्यापाशी अडखळत राहतात.

या अक्षरांचा क्रम पाहिला की मराठी वाचकाला ओळखीचे काहीतरी दिसू लागते. स्वर आहेत आ, इ, उ, ए, ओ. त्यानंतरच्या ओळी आहेत का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घेतलेला आहे. 'सा'ची ओळ आपल्या च-वर्गाच्या जागी बसते, ट-वर्ग जपानीत नाही, 'ता'च्या मागोमाग त्याच वर्गाचा अनुनासिक 'ना' येतो; आणि आजच्या 'हा'च्या ओळीचा उच्चार जुन्या काळी 'पा' असा होता, म्हणून तिच्या पाठोपाठ 'मा' येतो. पुढे या, रा, वा तर आपलेच. शब्दकोशही याच क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे नवा अनुक्रम पाठ करण्याची गरज उरत नाही. अक्षराच्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की अघोष वर्ण घोष होतो: 'का'चा 'गा', 'ता'चा 'दा'. 'हा'चा मात्र 'बा' होतो आणि रेघांऐवजी छोटे वर्तुळ दिले तर 'पा'. 'हा'चा 'बा' का व्हावा, हे इतरांना निव्वळ पाठ करावे लागते. ती ओळ मुळात प-वर्गाची आहे हे समजलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही.

सारखी दिसणारी अक्षरे वेगळी काढून गिरवावीत. काताकानातील 'शि' आणि 'त्सु' ही जोडी सर्वांत त्रासदायक आहे. दोन्हींत दोन आखूड रेघा आणि एक लांब रेघ असते. 'शि'मध्ये आखूड रेघा डावीकडे एकाखाली एक येतात आणि लांब रेघ खालून वर, उजवीकडे फेकली जाते; 'त्सु'मध्ये आखूड रेघा वरच्या बाजूला शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि लांब रेघ वरून खाली, डावीकडे ओढली जाते. छापील अक्षरात हा फरक किंचितच दिसतो, पण हाताने वीस वेळा लिहिल्यावर तो बोटांना कळतो. 'सो' आणि 'न' यांचेही असेच आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. या लेखात जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत ते केवळ समजावण्याच्या सोयीसाठी. तुमच्या वहीत ते तसे नसावेत. माझ्या पहिल्या वहीत चार महिन्यांची सगळी वाक्ये देवनागरीत होती. मला ती घडाघडा म्हणता येत होती, आणि लहान मुलांच्या पुस्तकाचे एक पान समोर आले तेव्हा पहिली ओळ लावायला दहा मिनिटे लागली. रोमन लिपीचेही तेच. संगणकावर जपानी टंकलेखन करताना रोमन अक्षरे उपयोगी पडतात, तेवढ्यापुरतीच ती ठेवावीत.

दुसरी पायरी: कान आणि जीभ

उच्चारांत आपल्याला काही गोष्टी फुकट मिळाल्या आहेत. 'त्सु' हा आवाज इतर भाषकांना सरावाने कमवावा लागतो. आपण 'चूल' आणि 'चूक' म्हणताना तो रोज काढतो. 'चिमणी'तला च वेगळा असतो, आणि जपानीतही त्या ओळीत इकाराबरोबर 'चि' येतो व उकाराबरोबर 'त्सु'. 'जुना' आणि 'जीव' यांतल्या दोन ज-कारांचीही तीच गोष्ट. स्वराशिवाय येणारे एकमेव अक्षर 'न्' हे आपल्या अनुस्वारासारखे वागते: 'शिंबुन', म्हणजे वर्तमानपत्र, यात ते म-कारासारखे ऐकू येते आणि 'गिंकोऽ', म्हणजे बँक, यात क-वर्गातल्या अनुनासिकासारखे. केवळ स्वरापूर्वी आलेल्या 'न्'कडे लक्ष द्यावे, कारण तो पुढच्या स्वरात मिसळत नाही. 'किंएन' म्हणजे धूम्रपानबंदी आणि 'किनेन' म्हणजे स्मरण किंवा स्मृती.

अडचण येते ती ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिण्याची आणि तसाच उच्चारण्याची आपली सवय हाडीमासी खिळलेली आहे, आणि 'ए', 'ओ' यांच्या लांबीने आपल्याकडे अर्थ बदलत नाही. जपानीत मात्र तो बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, तर 'ओबाऽसान' म्हणजे आजी; 'युकि' म्हणजे बर्फ, 'यूकि' म्हणजे धैर्य. जोडाक्षरानेही अर्थ पालटतो: 'साका' म्हणजे चढ, 'साक्का' म्हणजे लेखक. यावर उपाय एकच, तो म्हणजे (जोडून लिहिलेले छोटे या, यु, यो सोडून) प्रत्येक काना अक्षराला टाळीचा एक ठोका देऊन शब्द मोजणे. 'निप्पोन' या शब्दाला चार ठोके आहेत, कारण मधला थांबाही एक ठोका घेतो. जपानच्या राजधानीचे नाव आपण 'टोकियो' असे तीन अवयवांत म्हणतो. जपानी माणूस ते 'तोऽक्योऽ' असे चार ठोक्यांत म्हणतो.

'देसु' (आहे) आणि क्रियापदाचा सभ्य शेवट 'मासु' यांतला शेवटचा उकार बोलताना जवळजवळ गळून पडतो, हे ऐकूनच शिकावे. स्वराच्या चढउताराने 'हाशि' या शब्दाचा अर्थ चॉपस्टिक किंवा पूल असा बदलतो, पण पहिल्या सहा महिन्यांत त्यामागे लागू नये. संदर्भाने काम निभते.

तिसरी पायरी: वाक्य

एक वाक्य जवळून पाहू: 'वाताशि वा तोमोदाचि नो इए दे होन ओ योमिमासु.' शब्दाला शब्द ठेवत गेलो तर 'मी, मित्राच्या घरी, पुस्तक वाचतो' असे मराठी वाक्य क्रम न बदलता तयार होते. 'नो' हा आपला चा-ची-चे आहे, पण त्याला लिंग नाही आणि वचनही नाही. तो कशापुढेही 'नो'च राहतो. 'योमिमासु' हे रूप मी, तू, ती, ते सर्वांना चालते. 'वाचतो' की 'वाचते' हा प्रश्नच येत नाही, आणि भविष्यकाळालाही तेच रूप पुरते. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, 'मो' म्हणजे सुद्धा. आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा: 'इकिमासु का?' म्हणजे 'जाता का?' हा निव्वळ योगायोग आहे. पण पहिल्या दिवशी आनंद देणारा आहे, तेव्हा तो घ्यावा.

या अव्ययांच्या लेखनात तीन अपवाद आहेत आणि ते पहिल्याच आठवड्यात समोर येतात. विषय दाखवणारा 'वा' लिहिताना 'हा'चे अक्षर वापरतात, दिशा दाखवणारा 'ए' लिहिताना 'हे'चे, आणि कर्म दाखवणाऱ्या 'ओ'साठी तर 'वो'चे एक स्वतंत्र अक्षरच राखून ठेवले आहे.

मराठी फसवते ती 'नि' आणि 'दे' यांच्यापाशी. 'तो शाळेत आहे' आणि 'तो शाळेत अभ्यास करतो' या दोन्हींत आपण 'शाळेत' म्हणतो. जपानीत असण्याची जागा 'नि'ने दाखवतात आणि कृती घडण्याची जागा 'दे'ने, म्हणून पहिले 'गाक्कोऽ नि इमासु' आणि दुसरे 'गाक्कोऽ दे बेंक्योऽ शिमासु'. त्यातच सजीवाचे असणे 'इमासु'ने आणि निर्जीवाचे 'आरिमासु'ने सांगतात. 'वा' आणि 'गा' यांतला भेद याहून सूक्ष्म आहे. सुरुवातीला 'वा' म्हणजे 'अमक्याचे म्हणाल तर' आणि 'गा' म्हणजे नेमका कर्ता, एवढे धरून चालावे आणि बाकीचे वाचनावर सोडावे.

आदरार्थाची कल्पना आपल्याला नवी नाही, पण तिची दिशा वेगळी आहे. बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या आईला 'हाहा' म्हणतात आणि त्याच्या आईला 'ओकाऽसान'; आपल्या माणसाचा आदरार्थी उल्लेख परक्यासमोर करत नाहीत. नावामागे लावायचा आदराचा 'सान' स्वतःच्या नावाला कधीही लावू नये. 'तुम्ही' या अर्थाचा 'आनाता' शब्द पुस्तकात पहिल्याच धड्यात येत असला, तरी समोरच्याचे नाव ठाऊक असेल तर नाव घेऊन 'सान' म्हणणे अधिक सभ्य समजले जाते.

चौथी पायरी: 'ते' रूप, अर्थात आपले 'ऊन'

माझ्या मते मराठी माणसाने सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण गुंतवणुकीच्या मानाने परतावा येथेच सर्वाधिक आहे. जपानी क्रियापदाचे 'ते' रूप हे आपले 'ऊन' रूप आहे: 'योंदे' म्हणजे वाचून, 'काइते' म्हणजे लिहून, 'ताबेते' म्हणजे खाऊन. आपण 'ऊन'पुढे दुसरे क्रियापद जोडून जी संयुक्त क्रियापदे करतो, ती जपानीत जवळजवळ तशीच होतात. 'ताबेते मिमासु' म्हणजे खाऊन पाहतो, आणि येथे 'मिमासु'चा मूळ अर्थ खरोखरच पाहणे असा आहे. 'शिते ओकिमासु' म्हणजे करून ठेवतो, 'मोत्ते किमासु' म्हणजे घेऊन येतो, 'काइते आगेमासु' म्हणजे लिहून देतो, 'वासुरेते शिमाइमाशिता' म्हणजे विसरून बसलो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा नियम पाठ करावा लागतो. आपल्याला केवळ ओळख पटवायची असते. एक फरक तेवढा ध्यानात ठेवावा: मी दुसऱ्याला लिहून दिले तर 'आगेमासु', दुसऱ्याने मला लिहून दिले तर 'कुरेमासु'. मराठीचे एकच 'देणे' येथे दोन क्रियापदांत विभागले जाते.

रूप तयार करण्याचे नियम मोजके आहेत. एका गटातील क्रियापदांच्या शब्दकोशातल्या रूपाचा शेवटचा 'रु' काढून 'ते' लावतात, जसे 'ताबेरु'चे 'ताबेते'. दुसऱ्या, मोठ्या गटात शेवटच्या अक्षरावर रूप ठरते: उ, त्सु, रु यांचे 'त्ते', मु, नु, बु यांचे 'न्दे', कु याचे 'इते', गु याचे 'इदे' आणि सु याचे 'शिते'. 'जाणे' या अर्थाचे 'इकु' मात्र नियम मोडून 'इत्ते' होते. पूर्णपणे अनियमित क्रियापदे दोनच मानतात, 'सुरु' (करणे) आणि 'कुरु' (येणे). पाढे म्हणावेत तशी ही रूपे मोठ्याने म्हणावीत. लिहून ती बसत नाहीत.

पाचवी पायरी: कांजी

जपान सरकारच्या नित्योपयोगी कांजींच्या यादीत २०१० पासून २१३६ चिन्हे आहेत. तेथील मुले पहिल्या इयत्तेत त्यांतली ८० शिकतात, आणि आपणही तेवढ्यावर वर्षाचा पूर्वार्ध काढायला हरकत नाही.

सुरुवात वारांपासून करावी. जपानी वार आपल्याच ग्रहांच्या क्रमाने चालतात: रविवारी सूर्य, सोमवारी चंद्र, मंगळवारी अग्नी, बुधवारी जल, गुरुवारी वृक्ष, शुक्रवारी सुवर्ण, शनिवारी माती. मंगळ, बुध इत्यादी ग्रहांची जपानी नावेच अग्नितारा, जलतारा अशी आहेत, त्यामुळे वार आपोआप जुळतात. निचि, गेत्सु, का, सुइ, मोकु, किन, दो हे सात उच्चार आणि त्यांची सात चिन्हे आठवडाभरात येतात. मग वृक्षाचे चिन्ह दोनदा लिहिले की राई, तीनदा लिहिले की अरण्य. माणसाशेजारी वृक्ष म्हणजे विश्रांती. सूर्याशेजारी चंद्र म्हणजे उजेड. सगळीच चिन्हे अशी गोड गोष्ट सांगत नाहीत, पण बहुतेक मोठी चिन्हे लहान चिन्हांची जुळणी असतात, म्हणून लहान चिन्हे आधी पक्की करावीत.

रेघांचा क्रम टाळू नये. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि पेटी असेल तर ती बंद करणारी रेघ शेवटी. सूर्याच्या चिन्हात चार रेघा आहेत: डावी उभी; मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून एकच; मग मधली; आणि तळाची सर्वांत शेवटी. क्रम हाताला बसला की नवे चिन्ह पाहिल्यावर ते आपोआप तुकड्यांत दिसू लागते.

एका चिन्हाचे अनेक उच्चार असतात, आणि नवशिके येथे धीर सोडतात. मला ही गोष्ट तत्सम-तद्भवांच्या तुलनेने उलगडली. आपण पिण्याचे म्हणतो 'पाणी', पण पोहण्याच्या स्पर्धेला म्हणतो 'जलतरण'. 'पाणीतरण' कोणी म्हणत नाही. जपानीतही तेच चिन्ह एकटे असताना देशी उच्चाराने 'मिझु' वाचतात आणि जोडशब्दात चिनी मूळच्या उच्चाराने 'सुइ': पोहणे म्हणजे 'सुइएइ', जल आणि तरण यांचीच जोडी. फरक इतकाच, की आपण दोन शब्द लिहितो आणि जपानी माणूस एकाच चिन्हावर दोन्ही भागवतो. 'निचियोऽबि' म्हणजे रविवार, या शब्दात सूर्याचे चिन्ह दोनदा येते आणि पहिल्यांदा 'निचि', दुसऱ्यांदा 'बि' असे वाचले जाते. म्हणूनच चिन्हाचे सगळे उच्चार एका दमात पाठ करण्यात अर्थ नाही. शब्द शिकावेत, उच्चार त्यांच्याबरोबर येतात.

साधने आणि रोजचा वेळ

पाठ्यपुस्तक एकच निवडावे आणि शेवटपर्यंत न्यावे. 'मिन्ना नो निहोंगो' या मालिकेचे प्राथमिक दोन भाग मिळून ५० धडे आहेत आणि मूळ पुस्तक पूर्ण जपानीत आहे, त्यामुळे काना पक्की झाल्याशिवाय ते उघडताच येत नाही. हा मला दोष वाटत नाही. जपान फाउंडेशनने 'इरोदोरि' ही मालिका ध्वनिफितींसह इंटरनेटवर विनामूल्य दिली आहे आणि तिचा भर दैनंदिन संभाषणावर आहे. शब्द लक्षात ठेवण्यासाठी अंकीसारखे, विसरण्याच्या बेतात असलेला शब्द पुन्हा समोर आणणारे ॲप वापरावे, पण त्यात दुसऱ्याने बनवलेले हजारो शब्द ओतून घेऊ नयेत. आपल्या धड्यातले रोज दहा पुरेत. ॲनिमेमुळे कान तयार होतो हे खरे. मात्र त्यातल्या पात्रांचे 'ओरे' (मी) आणि 'ओमाए' (तू) परक्या माणसासमोर उच्चारले, तर ते उर्मटपणाचे ठरते.

रोज पाऊण तास मिळत असेल तर पंधरा मिनिटे उजळणी, वीस मिनिटे नवा धडा आणि दहा मिनिटे मोठ्याने वाचन, अशी वाटणी मला सोसली. रविवारी सहा तास बसण्यापेक्षा हे बरे, कारण काना आणि कांजी दोन दिवसांच्या खंडानेही पुसट होतात.

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, म्हणजे जेएलपीटी, पाच स्तरांत होते. एन ५ हा सर्वांत सोपा. तिचे दिवस जुलै आणि डिसेंबरमध्ये येतात. एन ५ला १८० पैकी ८० गुण लागतात, त्यांतही भाषा व वाचन या भागात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ गुण मिळालेच पाहिजेत, म्हणून ऐकण्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. २०१० पासून कांजी किंवा शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. बाजारातल्या याद्या अंदाजाच्या असतात. या परीक्षेत बोलण्याचा किंवा लिहिण्याचा भागच नाही, सगळे पर्याय निवडायचे असतात, त्यामुळे ती उत्तीर्ण होऊनही तोंड न उघडणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात.

ती उणीव भरून काढण्यासाठी रोज तीन वाक्यांची रोजनिशी हाताने लिहावी आणि लगेच मोठ्याने वाचावी. पहिले वाक्य वाराचे असू द्यावे: 'क्योऽ वा सुइयोऽबि देसु', आज बुधवार आहे. 'वा' लिहिताना 'हा'चे अक्षर, 'सुइ'साठी पाण्याचे चिन्ह, 'बि'साठी सूर्याचे. दुसऱ्या वाक्यात आज काय केले ते, तिसऱ्यात काय करून पाहायचे आहे ते, म्हणजे 'ते' रूप रोज एकदा तरी हाताखालून जाते.